आईची धाप आणि बाबांचं लडाख

एका ४३ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. वडील ७२ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसवलाय, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. आयुष्यात एकदा लडाख बघायचं, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवतात. आई ६७ वर्षांची. मेच्या शेवटी आई-बाबा, नवरा आणि १२ वर्षांचा मुलगा अशा पाच जणांनी जायचं घाटतंय. नवऱ्याला रजा आठवड्याचीच. ट्रॅव्हलवाल्याने सहा रात्रींचा कार्यक्रम दिलाय : पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिसऱ्या दिवशी पँगाँग तळ्याच्या काठी तंबूत मुक्काम, मग परत लेह. 'गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, काळजी नको,' असं त्याचं म्हणणं. धाकटा भाऊ म्हणतो, या वयात त्यांना तिथे नेणं म्हणजे विषाची परीक्षा. त्या विचारतात, 'बाबांना न्यावं की नको? नेलं आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही, आणि नाही नेलं तर तीही रुखरुख जन्मभर राहील.'

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वाचनात एका ओळीपाशी अडखळले. बाबांबद्दल तुम्ही जवळजवळ पानभर लिहिलंय. स्टेंट कधी बसला, गोळी कोणती, लडाखच्या फोटोंची कात्रणं त्यांनी कपाटाच्या दाराला आतून कशी चिकटवलीत, सगळं. आईबद्दल मात्र एवढंच : 'आईला दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, पण ते वयोमानानुसार असेल. ती म्हणते, तुम्ही जाल तिथे मी येईन.'

बाबांचं हृदय डॉक्टरांनी आतून-बाहेरून पाहिलेलं आहे. त्यांना काय आहे ते माहीत आहे, औषध चालू आहे, रोजचं चालणं आहे. आईचं काय आहे ते कुणालाच माहीत नाही. दोन मजले चढून धाप लागण्यामागे हृदय असू शकतं, फुप्फुस असू शकतं, थायरॉइड असू शकतं, आणि आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत फार वेळा नुसतं हिमोग्लोबिन कमी असतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल, तर जिथे हवाच विरळ आहे तिथे त्याची ओढाताण दुप्पट. 'वयोमानानुसार' हा शब्द आपण घरातल्या बाईच्या दुखण्यावर पांघरूण घालायला किती सहज वापरतो! लडाखचं काहीही ठरो, या आठवड्यात आईचं रक्त तपासून घ्या, ईसीजी काढा आणि 'जिना चढताना धाप लागते' हे वाक्य डॉक्टरांसमोर तिने नव्हे, तुम्ही बोला. ती बोलणार नाही. ती म्हणेल, 'मला काही होत नाही हो.'

आणि तिला एकटीला गाठून विचारा. रात्री सगळे जेवायला बसलेले असताना नको, तिथे ती बाबांच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. दुपारी भाजी निवडताना विचारा. 'येशील ना?' असं विचारलंत तर 'हो' येणारच. 'तुला तिथे काय बघायचंय?' असं विचारून बघा. कदाचित तिला बर्फ हातात घ्यायचा असेल. कदाचित तिला कुठेच जायचं नसेल आणि दहा दिवस बहिणीकडे निवांत राहायचं असेल. तसं असेल तर तुमचा अर्धा पेच तिथेच सुटतो.

आता बाबांकडे येते. तुम्ही आणि तुमचा भाऊ वयावरून भांडताय. उंचीचा त्रास वय बघून येत नाही. व्यायामशाळेत जाणारे तिशीतले तरुण लेहला पहिल्या रात्री डोकं धरून ओकाऱ्या काढतात आणि सत्तरीतल्या आजीबाई शेजारच्या खोलीत शांत झोपतात, हे तिथे नेहमीचं आहे. तब्येतीच्या धडधाकटपणाने त्यापासून संरक्षण मिळत नाही. तुमच्या नवऱ्याचं 'मी दर पावसाळ्यात किल्ले चढतो, मला काही होणार नाही' हे वाक्यही म्हणून बाजूला ठेवा. कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी लेहच्या बाजाराची उंची गाठता येत नाही, ती साधारण ३,५०० मीटर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तुम्हाला तिथे नेऊन टाकतं. शरीराला हा बदल पचवायला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे टाकून विकत घेता येत नाहीत.

म्हणून मला बाबांच्या बहात्तरीपेक्षा त्या सहा रात्रींची भीती वाटते. ट्रॅव्हलवाल्याचा कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक मुक्कामापुढे पेन्सिलने उंची लिहा. त्रास ठरतो तो मुख्यतः आपण झोपतो कुठे यावरून. गिर्यारोहकांचा आणि डॉक्टरांचा साधा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. तुमच्या कागदावर पहिली रात्र ३,५०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी, शरीर अजून गोंधळलेलं असताना, ५,३०० मीटरच्या वरची खिंड. नुब्रा बिचारं खालीच आहे, दिस्कित-हुंदर ३,१०० ते ३,२०० मीटर. पण लगेच तिसऱ्या रात्री पँगाँग, सुमारे ४,२५० मीटर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरने वर. हा कार्यक्रम मी तिशीतल्या कुणाला दिला नसता.

खारदुंग लाच्या पाटीबद्दल जाता जाता सांगते. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर ती खिंड १७,५८२ फूट भरली. आठशे फूट नुसत्या रंगाने चढवलेले. 'जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता' हा मानही आता तिच्याकडे नाही, लडाखमध्येच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर गेलाय. पण पाटीसमोरची रांग काही कमी होत नाही. मी तिथे होते तेव्हा एका मिनीबसच्या खिडकीला एक आजोबा कपाळ टेकून बसले होते. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमत होतं, विरत होतं. बाहेर त्यांची माणसं पाटीसमोर ओळीने उभी राहून त्यांना हात करत होती, 'या ना बाबा, एकच फोटो!' आजोबांनी हात वर केला, तो अर्ध्यातच खाली गेला. चालकाने हॉर्न वाजवून सगळ्यांना आत घेतलं आणि गाडी खाली काढली, तेव्हा मला बरं वाटलं. त्या चालकाला कळलं होतं ते घरच्यांना कळलं नव्हतं.

पँगाँगचं दुखणं वेगळंच आहे, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत कुणी लिहीत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला उतरायचं तर आधी चांग ला ही खिंड चढावी लागते, तीही ५,३०० मीटरच्या वर. सुमारे १६० किलोमीटर, पाच तास. रात्री दोन वाजता तंबूत कुणाला श्वास लागला, तर तुम्ही माणसाला बरं करायला अजून हजार मीटर वर नेताय. तळं अप्रतिम आहे, वाद नाही. दुपारी तीन वेळा निळा रंग बदलतं. पण मुक्काम हा वेगळा निर्णय आहे, आणि हृदयाच्या रुग्णाने तिसऱ्या रात्री घ्यायचा तर अजिबात नाही.

सिलिंडरचं म्हणाल, तर गाडीत असावा, हरकत नाही. खाली उतरेपर्यंत किंवा रुग्णालय गाठेपर्यंतची ती सोय आहे. 'सिलिंडर आहे म्हणून वर जाऊ' हा मात्र उलटा हिशेब. बाजारात मिळणारे हलके डबे तर काही मिनिटांत संपतात. आणि कापूर! आपली मंडळी रुमालात कापराच्या वड्या बांधून निघतात. वास छान येतो, चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवेतला प्राणवायू होता तेवढाच राहतो. न्या हवं तर, आईला त्याने धीर येईल. भरवसा त्यावर ठेवू नका.

मग काय करायचं? मला विचाराल तर, दोघांचे रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर जा. फक्त रस्ता बदला आणि दिवस वाढवा. श्रीनगरला विमानाने उतरा. ते १,५८५ मीटरवर आहे. दोन रात्री तिथे. मग झोजी लावरून कारगिल, तिथली रात्र २,७०० मीटरच्या आत. तिथून पुढे लामायुरू बघत आल्चीला या आणि दोन रात्री राहा, ते ३,१०० च्या आसपास. मग लेहला तीन रात्री आणि परतीचं विमान. आठ रात्री झाल्या. झोपण्याची उंची पायरीपायरीने वाढते, आणि लेहला पोचाल तेव्हा शरीर तयार असेल. हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणत नाही. झोजी लाजवळ दरड कोसळून तास-तास अडकायला होतं, घाटात मुलाला मळमळेल, आईचे गुडघे बसून आखडतील. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची हे चालकाला आधीच सांगून ठेवा. निघण्याच्या सुमाराला त्या भागातल्या सुरक्षेच्या आणि रस्त्याच्या सूचना पाहूनच बाहेर पडा.

आल्ची मी मुद्दाम घातलंय. लडाखमधल्या बऱ्याचशा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, टेकडीवर, ठिकसेला तर पायऱ्याच पायऱ्या. आल्चीची गोंपा सपाटीवर आहे, जर्दाळूच्या बागांमधून चालत जाता येतं, आणि आतली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षं जुनी आहेत. आत अंधार असतो, फ्लॅश मारायची परवानगी नसते, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत शांत उभं राहावं लागतं. बाबांना ते आवडेल असं मला त्या कात्रणांवरून वाटतं. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम रस्त्यावरूनच दिसतो, एक पाणी हिरवं, एक मातकट. त्यासाठी पायरी चढावी लागत नाही.

नवऱ्याच्या रजेचा तिढा असाच सोडवता येईल. तुम्ही चौघं आधी निघा, त्यांनी थेट लेहला विमानाने यावं. फक्त लक्षात ठेवा, तेव्हा तुम्ही सगळे रुळलेले असाल आणि कच्चे असतील ते. पहिले दोन दिवस जावईबापूंना खोलीत पडून राहायला लावायचं काम बाबांकडे द्या. फार आनंदाने करतील.

पाचांनी सगळं बरोबरच बघायचं, हा हट्टही सोडा. लेहमध्ये दोन दिवस बरे गेले, डॉक्टरांनी आधी मोकळीक दिलेली असली आणि रजेत दोन दिवस जास्तीचे निघाले, तर बाबा, नातू आणि जावई नुब्राला जाऊन येतील, तुम्ही आणि आई लेहच्या बाजारात बसून भाजीवाल्या बायकांशी गप्पा मारा. पँगाँग या खेपेला नकोच. बाबांच्या कात्रणांत तेच तळं असेल तर त्यांना नकाशा काढून चांग ला दाखवा. चार किलोमीटर रोज चालणारा माणूस हिशेबी असतो, त्यांना कळेल. 'म्हातारे झालात म्हणून नाही' या सुरापेक्षा हे फार बरं.

आणि रिपोर्ट चांगले आले नाहीत, किंवा तुमचेही दिवस खरोखरच सहाच्या वर सरकत नसतील, तर लडाखचा नाद या वर्षी सोडा. हिमालय लडाखमध्येच सुरू होऊन तिथेच संपत नाही. कुमाऊँमधलं कौसानी १,९०० मीटरच्या आत आहे, काठगोदामपर्यंत रेल्वे जाते. १९२९ मध्ये गांधीजी तिथे राहिले होते, तो आश्रम अजून आहे, आणि अंगणात खुर्ची टाकून त्रिशूळ आणि नंदादेवी बघता येतात. मात्र मेमध्ये तिकडे धुरकट असतं, दिवाळीच्या सुट्टीत जा, शिखरं पहाटे लख्ख दिसतात. सिक्कीममधलं पेलिंगही असंच, कांचनजंगा समोर. हे 'लडाख जमलं नाही म्हणून' म्हणून घरात मांडू नका, नाहीतर बाबा तिथे बसूनही लडाखचंच बोलतील.

डॉक्टरांकडे जाताना एक चूक सगळे करतात. 'लडाखला जाऊ का?' असं विचारतात, आणि डॉक्टर स्वभावाप्रमाणे 'जा' किंवा 'नको' म्हणतात. त्याऐवजी मुक्काम आणि उंचीचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. स्ट्रेस टेस्ट करायची का, वर रक्तदाब वाढला तर गोळी किती आणि कशी बदलायची, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायचीच ना, हे लिहून घ्या. पहिले काही दिवस रक्तदाब वाढतो, म्हणून घरचं मशीन बरोबर न्या. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात, ती गोळी उंचीचा त्रास टाळायला उपयोगी पडते, पण ती लघवी वाढवते आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालेलच असं नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध आधीच असेल तर मामला आणखी वेगळा. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितली म्हणून घेऊ नका.

तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस काही बघायचं नाही. मी पहिल्यांदा लेहला गेले तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि स्वतःची बॅग स्वतःच वर नेणार होते. सातव्या पायरीवर बसले. घरमालकीण खालून चहा घेऊन आली, माझ्या शेजारी पायरीवर टेकली आणि म्हणाली, 'आज कुछ नहीं देखना. कल भी नहीं.' त्यापेक्षा चांगला सल्ला मला कुठल्या डॉक्टरनेही दिलेला नाही. दारू नको, झोपेची गोळी तर मुळीच नको, श्वास मंदावतो. पाणी तहानेप्रमाणे प्या, लिटरच्या लिटर ढोसून उंची पचत नाही. आणि पाणी जपूनही वापरा. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत ते एका दुपारचं काम आहे. तुमच्या बाथरूममधलं पाणी कुणाच्या तरी शेतातून आलेलं असतं.

बोटाला लावून रक्तातला प्राणवायू टक्क्यांत मोजणारा ऑक्सिमीटर न्या, पण घरचे ९८ तिथे शोधू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसले आणि माणूस बरा असेल तर घाबरण्यासारखं नाही. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही, एवढं पाळा. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता आलं नाही, तर सकाळची वाट बघू नका. लेहला सोनम नुरबू रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. तुमच्या मुलावरही लक्ष ठेवा. त्याच्या वयाची मुलं सहल बुडेल म्हणून डोकेदुखी लपवतात. बाबाही लपवतील, आणि जास्त सफाईने.

दोन किरकोळ गोष्टी. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. लेहहून सुटणारी विमानं बहुतेक सकाळचीच असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, तेव्हा परतीनंतर एक दिवस रिकामा ठेवा. नुब्राचं ठरलं तर परवान्याचे आणि शुल्काचे नियम लेहच्या जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, ते गेल्या काही वर्षांत बदलत आलेत.

राहिला तुमचा भाऊ. तो चिडलाय, कारण निर्णय तुम्ही घेताय आणि भीती त्याच्या वाट्याला आलीय. त्याला फोनवर पटवत बसू नका. 'आईला परवा डॉक्टरांकडे न्यायचंय, तू नेशील का?' असं विचारा. पेन्सिलीने उंची लिहिलेला तो कागदही त्याच्याच हातात द्या, प्रश्न त्यालाच विचारू दे.

तिकिटं मात्र त्यानंतर काढा. आणि आईचं हिमोग्लोबिन किती निघालं, ते मला कळवा.